मोरीतून ओवलेली सुतळी

नाना भिंतीबाहेर रस्त्यावर बसत आणि मी भिंतीच्या आत, परक्यांच्या अंगणात. आमच्या मध्ये सुतळी. घरातलं सांडपाणी बाहेर जाण्यासाठी भिंतीत जी मोरी ठेवलेली असते, तिच्यातून ती ओवलेली असे. नानांनी बाहेरून एकदा ओढली की त्यांच्याकडची बाजू पक्की झाली असं समजायचं. मग सुतळीला टांगलेल्या छोट्या पाणसळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत मी माझं टोक वरखाली करायची, सुतळीपासून जमिनीपर्यंत किती भरतं ते आकडे कोरलेल्या दांडीवर वाचायची, पाटीवर लिहायची आणि एकदा ओढायची. दोनदा ओढलं तर त्याचा अर्थ जमलं नाही, जागा बदला. एवढीच आमची भाषा होती. घरी एका छपराखाली असताना आम्ही याहून फार जास्त बोलत होतो असं नाही.

नाना निजाम सरकारच्या बांधकामावर ओव्हरसियर होते. गेवराईहून त्यांची बदली बीडला झाली, त्याच साली मी सिकंदराबादच्या मडमांच्या शाळेतून कायमची घरी आले. आठ वर्षं बोर्डिंगात काढली होती. मला भाकरी थापता येत नव्हती, आणि इथल्या बायकांचं बोलणं समजलं तरी त्यांच्यासारखं बोलता येत नव्हतं. मी तोंड उघडलं की त्या एकमेकींकडे बघून हसत, म्हणून मी तोंड उघडणं कमी केलं. मला पाहायला मंडळी येत. मी मान वर करत नसे. दुसऱ्या मुलीने मान खाली घातली तर तिला कुलीन म्हणतात. माझी खाली घातलेली मान लोकांना शिष्टपणाची वाटे.

वेशीपासून नदीकडे उतरणाऱ्या पेठेच्या रस्त्याला मधोमध एक खोलगट भाग होता. पावसाळ्यात वरच्या अंगाचं सगळं पाणी तिथे येऊन तुंबे. ज्या मोरीतून पाणी बाहेर जायचं, तिच्यातूनच ते आत शिरे. लोक चुली बाजांवर मांडत. या रस्त्याच्या कडेने दगडी नाली बांधून पाणी थेट नदीला लावायचं काम नानांकडे आलं होतं. त्यासाठी प्रत्येक घराचं अंगण रस्त्याहून किती खाली आहे ते कळायला हवं होतं, नाहीतर नाली बांधूनही पाणी घरातच येणार. नानांकडे सरकारी दुर्बीण होती, तिपाईवर बसवायची. तिच्यातून लांबची दांडी वाचता येई. अडचण अशी की तिच्यात सगळं उलटं दिसे. मी स्वतः पाहिलं होतं. समोरून बैल येत होता, त्याचे पाय आभाळात आणि शिंगं जमिनीत.

ही गोष्ट पेठेत पसरायला एक दिवस लागला. खोलगट भागातल्या सर्वांत मोठ्या घराचे थोरले मालक, जमीनदार माणूस, चार जणांना घेऊन नानांपुढे उभे राहिले. मी आमच्या खिडकीच्या फटीतून पाहत होते.

"ओव्हरशेरसाहेब, तुमच्या नळीत आमच्या लेकीबाळी डोकं खाली आन् पाय वर दिसत्यात म्हनं?"

"दादा, मला फक्त आकडे दिसतात," नाना म्हणाले.

"मग आकडे तुमच्या घरातले बगा. आमच्या अंगणाकडं नळी वळली तर नळी नदीत जाईल. आन् तुमी बी."

दुर्बीण पेटीत गेली. त्या दिवशी नानांनी जेवताना माझ्याकडे दोनदा बघितलं. आईला लगेच कळलं. "हिला धाडणार? लोकांच्या घरात मोजमापं करायला? आधीच कुणी पसंत करीत नाही."

"बाईमाणूस आहे, आत जाऊ शकेल. आकडे वाचता येतात," नाना म्हणाले. माझ्यासाठी एवढं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

अशी सुतळी निघाली. पहिल्या दिवशी मी दांडी खांद्यावर घेऊन रस्त्याने गेले तेव्हा दगड फोडणाऱ्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला, "बग बे, ओव्हरशेरची पोरगी दांडी धरती. तुला अजून घण नीट धरता येईना." मला वाटलं आता जमीन दुभंगावी. तसं कुणी मनात आणू नये, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

थोरल्या मालकांच्या घरी मला जी भेटली ती त्यांची धाकटी सून. तिशीच्या आतबाहेरची, तलवाड्याची माहेरवाशीण. मी तिला काकू म्हणू लागले. तिने मला पहिल्यांदा विचारलं ते हे: "विंग्रजीत मोरीला काय म्हनत्यात?"

"ड्रेन."

"डिरेन." तिने शब्द तोंडात घोळवला. "लई ग्वाड नाव ठिवलंय की घाणीला." आणि ती हसली, पण मला नाही. त्या शब्दाला. फरक मला लगेच जाणवला.

अंगणाच्या कडेला, रस्त्याच्या भिंतीला लागून गोठा होता. गोठ्यातली जमीन अंगणाहून खाली वाटली म्हणून मी तिथे सुतळीसाठी खुंटी ठोकायला वाकले. काकूने माझं मनगट धरलं.

"तितं नगा ठोकू."

"का?"

"न्हाई म्हनते ना."

बाहेरून नानांनी सुतळी ओढली. मी उत्तर दिलं नाही. त्यांनी पुन्हा ओढली. काकूने गोठ्याच्या दारातून अंगणात नजर टाकली, मग पायाच्या अंगठ्याने गव्हाणीखालची जमीन दाखवली. शेणाने ताजी सारवलेली होती, बाकीच्या गोठ्याहून थोडी वेगळी.

"पेव हाय," ती पुटपुटली.

मी ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. जमिनीत माणसाएवढं अरुंद तोंड ठेवून आत घागरीसारखी पोटफुगी खोली कोरतात, तिला कडब्याचं अस्तर लावतात, ज्वारी भरतात आणि तोंडावर शिळा बसवून सारवून टाकतात. बीडची जुनी वस्ती पांढरीच्या मातीवर आहे. ती माती कोरडी असली की दगडासारखी उभी राहते, म्हणून पेवं टिकतात. आणि ती कुठे आहेत हे घरातल्यांखेरीज कुणी कुणाला सांगत नाही. शेजाऱ्याला नाही, जावयालाही नाही. त्या साली तर नाहीच. दूर विलायतेकडे लढाई चालू होती, धान्य महागलं होतं, आणि सरकारी माणसं घरोघर साठे बघायला येणार अशी आवई उठली होती. माझे वडील सरकारी माणूस होते.

"मामंजींना कळलं मी दावलं, तर मला तलवाड्याची वाट दावतील. पोरं हितंच ठिवून घेत्याल. आईच्या गळ्याची आण घ्या, बाई."

मी आण घेतली. खरं सांगायचं तर आणेपेक्षा मनगटावरचा तिचा हात मला जास्त जाणवत होता. कित्येक महिन्यांत मला कुणी हात लावला नव्हता.

मग मी एकच विचारलं. "पोट कुठवर गेलंय?"

"मला काय ठावं? गेल्या महिन्यात भरताना आत उतरलेला गडी म्हनला, रस्त्यावरनं गाडी गेली की वर धडधडतं."

मी सुतळी दोनदा ओढली आणि खुंटी अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठोकली. नानांनी बाहेर जागा बदलली. का, ते त्यांनी विचारलं नाही.

घरी परत येताना मला कळत होतं. गाडी वरून जाते म्हणजे पेवाचं पोट भिंतीखालून रस्त्यापर्यंत गेलं आहे. नाली नेमकी भिंतीच्या बुडातून जाणार होती.

नानांना त्यांच्या वरच्या साहेबांनी रस्ते आणि नाल्यांवरचं एक इंग्रजी पुस्तक दिलं होतं. नानांचं शिक्षण मोडी आणि उर्दूतलं; इंग्रजी त्यांना आकड्यांपुरतं येई. दुपारी जेवणानंतर मी ते पुस्तक वाचून मराठीत सांगत असे. त्या आठवड्यात एक वाक्य आलं. नालीची रेघ ठरवण्याआधी ठिकठिकाणी चाचणीचे खड्डे खणून खालची जमीन पाहावी. मी ते वाचलं, सांगितलं, आणि पुन्हा वाचलं.

"दोनदा का?" नानांनी विचारलं.

"महत्त्वाचं वाटलं."

"ते विलायतेच्या चिखलासाठी लिहिलंय. ही पांढरी आहे. हिच्यावर माड्या उभ्या आहेत." ते पानाकडे बोट करून म्हणाले, "पुढे चल."

मी पुढे गेले नाही. "नाली समोरच्या बाजूने नेली तर?"

नानांनी पाटी पुढे ओढली. समोरची बाजू वीतभर उंच होती. "पाणी चढेल का वर? हे बघ. तुझेच आकडे आहेत."

माझेच होते. बरोबर होते. मी बरोबर मोजलं होतं, याचा नाना मनातून अभिमान बाळगून होते हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं, आणि मी गप्प बसले. आण घेतली होती हे एक कारण झालं. दुसरं असं की मला गप्प बसायची सवय होती. त्या दोन कारणांत कुठलं मोठं होतं ते मी आजही नीट सांगू शकत नाही.

वैशाखात चर खणला. काकूच्या भिंतीपाशी कुदळी पडत होत्या तेव्हा मी आमच्या माजघरात कान देऊन बसले होते. काही झालं नाही. चर दोन हात खोल होता, पेवाचं छत त्याहून खाली असणार. तळाला फरशी बसली, बाजूंना दगड आले, चुन्याने सांधे भरले. मृगात पाऊस झाला आणि सगळी पेठ ओट्यावर येऊन उभी राहिली. तांबडं पाणी त्या नालीतून असं पळत गेलं की लोक हसत सुटले. मोऱ्यांतून पाणी बाहेर येत होतं, आत जात नव्हतं. थोरल्या मालकांनी नानांना घरी बोलावून शाल दिली. नानांनी ती घरात येईपर्यंत खांद्यावरून उतरवली नाही. मला वाटलं, झालं. काही होणार नाही. मी उगाच घाबरले होते.

हस्ताचा पाऊस सुरू झाला त्या आठवड्यात काकूने दळणाच्या निमित्ताने मला बोलावून घेतलं. ती हसत नव्हती.

"गोठ्यात आंबूस वास येतोय," ती म्हणाली. "बैल गव्हाणीला तोंड लावीना. मामंजी म्हनत्यात बैल आजारी हाय. बैल कावून आजारी पडंल? खाली पानी गेलंय, बाई. वर्साचं खानं हाय आत."

"मामंजींना सांगा ना."

"सांगितलं. म्हनले, पेव आत्ता उघडलं तर दुनिया बगंल. दिवाळीनंतर बगू." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या डिरेनीनं केलं हे."

दुसऱ्या दिवशी साहेबांची पाहणी होती. मी ठरवलं, पाहणी होऊ दे, मग नानांना सगळं सांगेन. एक दिवसाने काय फरक पडतो? हे वाक्य मी मनात इंग्रजीत म्हटलं होतं, तेही आठवतं.

साहेब हैदराबादचे, वयस्कर, मऊ बोलणारे. ते शेरा इंग्रजीत लिहीत, आणि तो तिथल्या तिथे वाचून दाखवायला मी जवळ असावं असं नानांना वाटत होतं. म्हणून मला काकूच्या दारात, उंबऱ्याच्या आत उभं केलं होतं. सकाळपासून धार लागली होती. नाली तुडुंब भरून पळत होती. साहेब छत्रीखाली उभे राहून बघत होते, म्हणाले, "बहोत खूब, ओव्हरसियर साब. पेठ सूखी है." मग त्यांनी वहीत एक ओळ लिहिली आणि वही माझ्याकडे दिली. मी वाचत होते: काम समाधानकारक. नाना नालीच्या काठावर उभे राहून खालच्या फरशीकडे काठीने दाखवत होते. त्यांनी काठी टेकली.

आवाज मोठा झाला नाही. ओल्या पोत्यावरून कुणी उडी मारावी तसा झाला. नाना दिसेनासे झाले.

मला पहिल्यांदा वाटलं ते खाली बसले. मग पाहिलं तर नालीचा काठच नव्हता. फरशी तिरपी होऊन लोंबत होती, रस्त्यात गाडीएवढ्या तोंडाचं एक भोक होतं, आणि सगळी नाली त्या भोकात पडत होती. भोकाच्या कडेला पांढऱ्या मातीत ज्वारीचा थर दिसत होता, आंबून काळा पडलेला, वर थोडा पिवळा. साहेबांनी ते पाहिलं. थोरल्या मालकांनीही पाहिलं. माझे वडील आत होते आणि सगळे धान्याकडे बघत होते.

मग सगळे एकदम ओरडायला लागले. दगडफोडे काठाकडे धावले आणि त्यांच्या पायांखाली आणखी हातभर कड खाली गेली. भिंतीला वरपर्यंत भेग पडली.

"मागं व्हा बे! भिंत येतीया अंगावर!"

"उतरू नगा कुनी," एक म्हातारा गवंडी ओरडला. "सडकं पेव हाय ते. आत वारं न्हाई. उतरला त्यो गेला. मागल्या साली दिंद्रुडाला दोघं गेलते असेच."

"आरं मग दोर टाका!"

दोर टाकला. तो कलंडलेल्या फरशीला अडकला. पाण्याच्या आवाजात खालून काही ऐकू येत होतं की नव्हतं ते सांगता येत नव्हतं. रस्त्याच्या बाजूने त्यांच्यापर्यंत जाता येणार नव्हतं, कारण जो जवळ जाई त्याच्या वजनाने त्यांच्याच डोक्यावर माती पडत होती. हे मला अगदी स्वच्छ दिसत होतं. आकडा वाचावा तसं. आणि दुसरी वाट कुठे आहे हे त्या सगळ्या पुरुषांत थोरल्या मालकांना ठाऊक होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते साहेबांकडे बघत होते.

माझ्या मागे काकू उभी होती. तिचा श्वास मला मानेवर लागत होता.

"तोंड गोठ्यात आहे!" कुणीतरी किंचाळलं. "गव्हाणीखाली! शिळा उचला!"

तो माझा आवाज होता. मी तो आधी कधी ऐकला नव्हता. सगळ्या पेठेने माझ्याकडे वळून पाहिलं, साहेबांनी सुद्धा, आणि मी उंबरा ओलांडून गोठ्याकडे धावत होते आणि तेच पुन्हा पुन्हा ओरडत होते.

चार माणसांनी गव्हाण उपटली. शिळा निघाली तशी आतून अशी आंबट वाफ आली की पुढचा माणूस मागे कोलमडला. आत काळोख होता आणि पाण्याचा घोष. दगडफोड्यांनी वरच्या अंगाला दारं आणि पोती आडवी टाकून नाली अडवायला घेतली होती. घोष हळूहळू कमी होत गेला. गवंड्याने दोराला फास केला आणि तोंडातून सोडला. "साहेब! ओव्हरशेरसाहेब! दोर धरा!"

काही नाही. गवंड्याने मान हलवली. मी त्याच्या हातातून दोर घेतला. कसा घेतला, त्याने कसा दिला, आठवत नाही. मी तो एकदा ओढला.

मी थांबले. पाणसळीचा बुडबुडा स्थिर व्हायला जितका वेळ लागतो तितका वेळ थांबायचं, असं मला शिकवलं होतं.

दोर एकदा हलला.

नाना जिवंत वर आले, चिखलाने आणि सडक्या ज्वारीने लिडबिडलेले, ओठ निळे पडलेले. डावा पाय गुडघ्याखाली मोडला होता. वैद्याने फळ्या बांधल्या. साहेबांची वही मी रस्त्यात टाकली होती. कुणीतरी ती आणून दिली तेव्हा शाई पसरून गेली होती, पण 'समाधानकारक' वाचता येत होतं.

तिसऱ्या दिवशी नाना शुद्धीत नीट बोलले. आई बाहेर गेली होती. त्यांनी छताकडे बघत विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"खुंटी हलवली, त्या दिवसापासून."

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पंधरा दिवस ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. पाणी मागायचं झालं तर आईला हाक मारत. मी रागवायला हवं होतं की रडायला, ते मला समजत नव्हतं. मी पंखा घालत बसायची.

ज्वारीचं काय झालं तेही लोक येऊन सांगत होते. सगळी गेली. साहेब काही न बोलता निघून गेले, सरकारी माणूस कुणी आला नाही. पण थोरल्या मालकांनी घरात सगळ्यांना उभं करून विचारलं होतं: ओव्हरशेरच्या पोरीला पेवाचं तोंड कुनी दावलं? कुणी उत्तर दिलं नव्हतं. उत्तराची गरजही नव्हती. मी त्या घरात एकीशीच बोलत असे. दुसऱ्या दिवशी काकूला गाडीत बसवून तलवाड्याला पोचतं केलं. दोन्ही पोरं इथेच ठेवली. लहानगी तीन वर्षांची होती.

हे मला आईने सांगितलं, भाजी निवडता निवडता. ज्या माणसाने नानांचा जीव जाताना तोंड उघडलं नाही, त्याने घरातल्या बाईला तिच्या लेकरांपासून तोडलं होतं. माझ्यामुळे. मी आण मोडली होती म्हणून, आणि त्याआधी मी ती पाळली होती म्हणून.

मी नानांच्या उशाशी गेले आणि ते इंग्रजी पुस्तक उचललं. नाना बघत होते.

थोरले मालक ओट्यावर बसले होते. मी पायरीवरच उभी राहिले.

"मला कुणी दाखवलं नव्हतं," मी म्हणाले. "पुस्तकात आहे."

"काय हाय पुस्तकात?"

मी ते पान उघडलं. चाचणीच्या खड्ड्यांचं. ती ओळ मी इंग्रजीत मोठ्याने वाचली, शाळेत वाचत असू तशी, शब्द न अडखळता. मग मराठीत सांगितलं: "यात लिहिलंय, दांडी जमिनीवर टेकवली आणि पोकळ आवाज आला, तर खाली पेव असतं. गव्हाणीखाली तसा आवाज आला. तेव्हाच मला कळलं. धाकट्या काकू मला तिथे खुंटी ठोकू देत नव्हत्या. त्यांनी काहीच सांगितलं नाही."

त्यांनी पुस्तक हातात घेतलं. उलटसुलट केलं. ज्या ओळीवर माझं बोट होतं तिच्यावर त्यांनी आपलं जाड बोट ठेवलं. मला वाटलं, आता पकडले जाईन. आठ वर्षांत शाळेत मी एकदाही खोटं बोलले नव्हते.

"असं बी लिव्हत्यात व्हय," ते म्हणाले. "विंग्रजांना जमिनीखालचं बी ठावं असतंय."

त्यांनी विश्वास ठेवला. ती ओळ मी माझ्या वडिलांना खरी खरी सांगितली होती, दोनदा, आणि ती त्यांनी बाजूला सारली होती. हीच ओळ मी खोटी सांगितली आणि या माणसाने मान डोलावली. उतरताना मला पायऱ्या दिसत नव्हत्या. माझं काम झालं होतं, आणि मला त्याचीच भीती वाटत होती.

आठवड्याने तलवाड्याहून गाडी आली. मी गेले नाही. काकूच आली, लहानगीला कडेवर घेऊन, आमच्या मागल्या दाराशी.

"बुकात न्हाई ना तसं?" तिने विचारलं.

मी नाही अशी मान हलवली.

"खोटं बी बोलता येतं की तुमाला." ती हसली नाही. माझ्याकडे नवीनच माणूस पाहावं तशी पाहत राहिली. "माझी ज्वारी गेली, बाई. हे वरीस आमी काय खायाचं, त्ये बुकाला इचारा." आणि गेली. त्यानंतर ती माझ्याशी पूर्वीसारखी कधी बोलली नाही. मी तशी अपेक्षाही करत नाही.

हिवाळ्यात ती नाली उखडायचं ठरलं. पाणी तर काढायला हवंच होतं. नाना कुबडी घेऊन रस्त्यावर आले. नवी रेघ समोरच्या बाजूने न्यायची, आणि तिकडे जमीन उंच म्हणून चर तेवढा जास्त खोल खणायचा. खोल खणायचा म्हणजे समोरच्या घरांची पेवं आडवी येणार. ती कुठे आहेत हे कुणी सांगणार नव्हतं, आणि नानांनी विचारलंही नाही. ते फक्त मला म्हणाले, "दांडी घे." पंधरवड्यानंतरचे ते पहिले शब्द नव्हते, पण माझ्यासाठी पहिलेच होते.

पहिल्या घरात एक म्हातारी आणि तिच्या दोन सुना होत्या. मी मोरीतून सुतळी आत ओढून घेतली. मी वाकून खुंटी टेकवली आणि तशीच थांबले. म्हातारी दुसरीकडे बघत होती, तुळशीकडे. तिचा पाय पुढे आला, आणि पायाच्या अंगठ्याने तिने माझ्या खुंटीपासून दोन हातांवर जमिनीला हलकेच टोचलं. मग पाय लुगड्याखाली मागे घेतला.

मी काहीही ऐकलं नव्हतं. कुणी काही सांगितलं नव्हतं.

बाहेरून नानांनी सुतळी एकदा ओढली.

मी दोनदा ओढली. थोडा वेळ गेला. मग कुबडीचा आवाज आला, टेकत, भिंतीपासून लांब सरकत गेलेला, आणि सुतळी माझ्या हातात नव्या बाजूला ताणली गेली.